घोरपडीचा उजवा डोळा

सोजरबाई घोरपडीत बसायची ती जीव मुठीत धरूनच. घोरपड म्हणजे रानातली नव्हे हो, चांगदेवचा ट्रक. मिल्ट्रीचा जुना माल, देहूरोडच्या लिलावात घेतलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतनं बोटीनं आला होता म्हणे. बुटका, रुंद, पुढं नाक काढलेला, आणि चढ कसलाही असो, पोट घासत वर चढणारा. शिरूरच्या बाजारात पहिल्यांदा आला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "आयला, ही तर घोरपड!" झालं, तेच नाव पडलं.

या घोरपडीची एक मोठी खोड होती. तिचं स्टेअरिंग डावीकडं. अमेरिकेत लोक रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात, तेव्हा त्यांना ते सोयीचं. आपल्याकडं मात्र ते जिवावरचं. डावीकडं बसलेल्या ड्रायव्हरच्या पुढं बैलगाडी आली काय, लॉरी आली काय, तिच्या पलीकडचा रस्ता त्याला दिसतच नाही. पुढं काढायचं तर उजव्या सीटवर दुसरं माणूस पाहिजे. त्यानं खिडकीतनं मान बाहेर काढून समोर बघायचं आणि एकच शब्द बोलायचा. समोरून काही येत असेल तर 'थांबा', रस्ता मोकळा असेल तर 'चला'. त्या एका शब्दावर दोघांचा जीव.

वर्षभर हे काम चांगदेवच्या चुलतभावानं, म्हाळूनं केलं. मग म्हाळू दौंडला रेल्वेत गँगमन म्हणून लागला. त्याच्या जागी आलेला एक जण चालत्या गाडीत पेंगायचा. दुसरा आला तो सकाळी सकाळी झोकांड्या खात. चांगदेवनं दोघांनाही हात जोडले आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "सोजर, भाड्याचा डोळा नको आता. उद्यापास्नं तू बस."

सोजरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली.

तिचं माहेर वरवंडचं, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. सात-आठ वर्षांची असताना तिनं त्या रस्त्यावर आपल्या मामाची बैलगाडी बघितली होती. मामानं तिच्याकडं बघून हात वर केला होता. एवढ्यात समोरून येणारी एक लॉरी दुसरीच्या पुढं काढायला बाहेर आली. पुढचं सांगत नाही. बैलांचं ओरडणं तिच्या कानातनं कधी गेलं नाही. तेव्हापासून कुठल्याही गाडीत ती बसली आणि ड्रायव्हर पुढं काढायला निघाला, की तिचे डोळे मिटायचे. ती मिटत नव्हती, ते आपोआप मिटायचे. एस. टी.त लोकांना वाटायचं, बाईला गाडी लागते. पदर तोंडाला लावून ती गप बसायची.

हे तिनं नवऱ्याला सांगायला पाहिजे होतं की नाही? होतंच. पण सांगायचं कसं? हा माणूस अठरा वर्षं फौजेत गाड्या चालवून आलेला. त्याच्यापुढं काय सांगणार, मला भ्या वाटतं? आणि त्यात घोरपडीवर त्याचा जीव. फौजेत असल्याच गाडीवर तो चालवायला शिकला. एकदा वर डोंगरात बर्फानं वाट बंद झाली तेव्हा चार जण हिच्याच जातीच्या एका गाडीच्या गरम इंजिनाला पाठ लावून रात्रभर बसले आणि जगले. "ती ऊब इसरत न्हाई गं मी," तो म्हणायचा. लिलावात ओळीनं उभ्या केलेल्या गंजक्या गाड्यांत त्याला हे नाक दिसलं आणि तो तिथंच उभा राहिला. दुसरी गाडी त्यानं बघितलीसुद्धा नाही.

वेड असं लागतं बघा. आणि ते एकट्यालाच लागतं असं नाही. गाडी दारात आली तेव्हा वस्तीतली माणसं आधी हसली. मग इनुस मिस्त्री इंजिन उघडून बसला. पेट्रोल पिणारं जुनं धूड काढून त्यानं डिझेलचं बसवलं, आणि काम संपल्यावरही उगाच चहाच्या निमित्तानं येत राहिला. हरिबा म्हणून पेन्शनर होते, पहिल्या लढाईचे नव्हेत, दुसरीचे. ते संध्याकाळी काठी टेकत यायचे, मडगार्डवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "इटलीत असल्याच व्हत्या." बाकी काही नाही. घटकाभर तसेच उभे राहायचे आणि परत जायचे. एकदा त्यांचे डोळे भरलेले सोजरबाईनं बघितले आणि तिला रागच आला. लोखंडाला काय कुरवाळायचं मेलं! घरात बुद्धाची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे, त्यांच्यापुढं घटकाभर बसा म्हटलं तर एकालाही वेळ नाही.

तर अशा माणसाची बायको घोरपडीच्या उजव्या सीटवर बसायला लागली. शिरूरहून कांदा भरायचा, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडायची, चौफुल्याला हमरस्ता धरायचा आणि वरवंड-पाटस करत दौंडच्या मालधक्क्यावर उतरवायचा. निघायच्या आधी ती रोज थोरल्या लेकीला, मंदाला, बाजूला घ्यायची.

"ज्वारी कणगीत हाय. आम्ही न्हाई आलो तर धाकटीला घिऊन वरवंडच्या मामीकडं जायाचं. कळलं?"

"आये, रोज काय गं?" मंदा वैतागायची.

"रोजच मराय निघतो आम्ही, म्हणून रोज."

पोरगी हसायची. सोजरबाईला हसू येत नव्हतं. एका केबिनीत आई आणि बाप दोघंही. मोडलं तर दोन्ही एकदम मोडणार, आणि मागं दोन लेकी.

पहिल्याच दिवशी पुढं कडब्याची गाडी आली. चांगदेव म्हणाला, "बघ."

तिनं मान बाहेर काढली. वारा तोंडावर आला आणि डोळे मिटले. तिनं उघडायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोला, खूप केला. पण पापण्या कुणी शिवल्यासारख्या. काळोखात तिला बैलांचं ओरडणं ऐकू आलं.

"थांबा!" ती म्हणाली.

चांगदेव थांबला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बघ."

"थांबा!"

असं करत करत कडब्याची गाडी न्हावऱ्याला वळेपर्यंत घोरपड तिच्या मागं सरपटत गेली. आणि मग रोजचंच झालं. पुढं बैलगाडी आली की थांबा. टांगा आला की थांबा. एकदा तर मेंढरांच्या मागं कोसभर. चांगदेव कधी एका शब्दानं बोलला नाही. तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायचा. तिला वाटायचं, याला कळलं नाही. बरं झालं, कळलं नाही. आणि लगेच वाटायचं, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी काय?

दौंडला पोचायला उशीर व्हायचा. मालधक्क्यावर मल्हारी नावाचा हमाल होता, मोठा चेष्टेखोर. एका दुपारी घोरपड धापा टाकत आत शिरली, तसा तो पोत्यावर उभा राहून ओरडला, "वैनी, त्या घोरपडीला बैल जुपा की! बैलाम्हागंच चालायचं तर बैलच बरं!"

सगळा धक्का खदखदून हसला. तिनं चांगदेवकडं बघितलं. तोही हसत होता.

ते तिला लागलं. रात्री कूस बदलत बदलत तिनं मनाशी ठरवलं, उद्या डोळे उघडायचे. काय वाटेल ते झालं तरी.

दुसऱ्या दिवशी चौफुला मागं पडला आणि वरवंडच्या अलीकडं गुळाच्या तीन बैलगाड्या ओळीनं पुढं आल्या. ऊन चढलं होतं. डांबर चकाकत होतं.

"बघ," चांगदेव म्हणाला.

तिनं खिडकीची कड घट्ट धरली आणि मान बाहेर काढली. सगळ्यात मागच्या गाडीचं चाक दिसलं. चाकापलीकडं रस्त्याचा एक तुकडा दिसला. आता उघडे ठेव, उघडे ठेव, उघडे... आणि मिटले. मेले मिटलेच. तिला स्वतःची इतकी चीड आली, मल्हारीचं हसणं कानात इतकं वाजलं, की तोंड आपलं आपणच बोलून गेलं.

"चला!"

गिअर पडला. घोरपड गुरगुरली आणि उजवीकडं बाहेर आली. तिला 'थांबा' म्हणायचं होतं, पण आवाजच फुटेना. मग हॉर्न ऐकू आला. घोरपडीचा नव्हे. समोरून. एस. टी.चा.

"आगं आय!" चांगदेव ओरडला.

पुढचं तिनं बघितलं नाही, अंगानं सोसलं. गाडी एकदम उजवीकडं फिरली, खाली कोसळली, काहीतरी काडकन मोडलं, तिचं डोकं छताला बसलं, मागं पोती धडाधड पडली, आणि मग पुढून असा दणका बसला की दात दातावर आपटले. इंजिन बंद पडलं. कुठंतरी कांदे गडगडत राहिले.

मेलो, ती मनात म्हणाली. मंदा, धाकटीला घिऊन जा गं.

मग तिनं डोळे उघडले. आता उघडले, बघा! गाडी रस्त्याच्या खाली एका शेतात होती. अख्खी बाभळ मोडून पुढच्या दगडी बांधाला नाक लावून उभी होती. एस. टी. रस्त्यावर तिरकी थांबली होती. सगळी माणसं जिवंत होती आणि खिडक्यांतनं डोकी काढून शिव्या देत होती. चांगदेव स्टेअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याच्या कपाळावरनं रक्ताची बारीक धार येत होती.

कंडक्टर धावत खाली आला. "डोळे फुटले काय रे तुझे? पन्नास माणसं हायेत गाडीत! लायसन कुणी दिलं तुला?"

चांगदेव खाली उतरला. त्यानं हात जोडले. "माझीच चूक झाली, मास्तर. मला दिसलं न्हाई."

सोजरबाईनं तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, त्यांची नव्हं, माझी. पण जीभ टाळूला चिकटली होती. माणसं बोलत राहिली, तो मान खाली घालून ऐकत राहिला. अठरा वर्षं सरकारची गाडी एक ओरखडा न काढता चालवलेला माणूस. शेवटी एस. टी. गेली. गुळाच्या गाडीवाल्यांनी बैल सोडले आणि ते सांडलेली पोती गोळा करायला आले.

चांगदेव बांधावर बसला. विडी पेटवायला लागला. काडी विझली. दुसरी विझली. सोजरबाईनं बघितलं तर त्याचे हात लटलटत होते. त्याचे हात असे तिनं कधी बघितले नव्हते. तिला दणक्याच्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली.

ती समोर जाऊन उभी राहिली. "अवं, माझं डोळं मिटल्यालं व्हतं."

"ठाव हाय," तो म्हणाला.

"आजचं न्हवं. रोजच..."

"पयल्या दिसापास्नं ठाव हाय. मी बघत न्हाई व्हय तुझ्याकडं?"

"आन् तरी मला बसवलंसा? म्या मिटून थांबा म्हणत व्हते, आन् तुमी थांबत व्हता?"

"थांबून कोण मरतंय? उशीर हुतो, एवढंच. मला वाटलं, बसून बसून भ्या जाईल हिचं. मीबी नवा असताना दरी दिसली की डोळं मिटायचो." त्यानं विझलेली विडी टाकून दिली. "आज तू चला म्हणालीस. मला वाटलं, उघडलं सोजरनं डोळं. इतकं बरं वाटलं बघ, की तुझ्याकडं बघायचंच राहिलं."

सोजरबाई मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

"आता बास," तो उठत म्हणाला. "दोन लेकी हायेत घरी. दौंडात फाटकाच्या अलीकडं भंगारवाला बसतो, कवाचा म्हागं लागलाय. माल उतरला की हिला त्याच्या दारात सोडतो आन् एस. टी.नं घरी."

हेच तर तिला पाहिजे होतं! कित्येक दिवस हेच मागत होती मनात. मरो ही घोरपड, भंगारात जावो. आणि आता ते मिळत होतं तर तिला आनंद का होईना?

ती घोरपडीच्या पुढं गेली. बाभळीचा बुंधा बंपराखाली पडला होता. एक दिवा फुटला होता. जाळीत काटे घुसले होते. बस, एवढंच. एक म्हातारा गाडीवाला पोतं खाली ठेवत म्हणाला, "बाई, आजकालची पत्र्याची गाडी असती तर तुमचं पिठलं झालं असतं. हिनं झेललं सगळं."

तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला. बॉनेट तापलं होतं. आत कुठंतरी थेंब थेंब पाणी ठिबकत होतं आणि लोखंड बारीक कुरकुरत होतं, जिवंत असल्यासारखं. वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या मुलखात, कुणाकुणाला पोटात घेऊन ही हिंडली असेल. त्यातली किती माणसं परत घरी गेली असतील, कोण जाणे. आज आपल्याला तर हिनं राखलं. आपण तिच्या डोळ्याच्या जागी बसून डोळे मिटले, आणि ती मुकाट बाभळीत शिरली. सोजरबाईनं जाळीतला एक काटा उपसला. मग दुसरा. हरिबा कशाला येऊन उभे राहायचे ते तिला तेव्हा कळलं, आणि आपण त्यांच्यावर चिडलो याची लाज वाटली.

"चूक माझी," ती मागं न वळता म्हणाली, "आन् मोडायचं हिला?"

चांगदेवनं वर चढून स्टार्टर दाबला. घोरपड खोकली आणि चालू झाली. मागच्या मागं, शेतातनं, चढावरनं ती पोट घासत रस्त्यावर आली.

तोवर बैल जुंपून गुळाच्या गाड्या पुन्हा पुढं निघाल्या होत्या. चांगदेवनं पहिला गिअर टाकला आणि तो 'बघ' म्हणालाच नाही. आज तो कुणाचंच ऐकणार नव्हता, दौंडपर्यंत बैलांच्या मागंच जाणार होता. त्याच्या तोंडात गाणंही नव्हतं. सोजरबाईनं पदर कमरेला खोचला आणि मान बाहेर काढली. अंगाला दरदरून घाम फुटला. पापण्या जड व्हायला लागल्या. मग तिला एकच उपाय सुचला. दिसेल ते ती बोलायला लागली. बोलायचं तर बघावं लागतं!

"मैलाचा दगड!" ती ओरडली. "लिंबाचं झाड! सायकलवाला, डोईला मुंडासं! कुत्रं! कुत्रं गेलं!"

"काय चाललंय तुझं?" चांगदेव दचकला.

"गप बसा! पुढं बघा! इहिरीवर दोन बाया! आन्... थांबा!"

"थांबलोयच की."

"थांबा! लॉरी येतीया! लाल! वर गवत हाय, गवतावर माणूस बसलाय!"

बैलगाड्यांमुळं चांगदेवला काहीच दिसत नव्हतं. त्यानं पाय ब्रेकवर ठेवला आणि वाट बघितली. मग वारा आला, धूळ आली, आणि खिडकीला घासून लाल लॉरी धडधडत गेली. वर गवत. गवतावर टॉवेल गुंडाळलेला माणूस.

चांगदेवनं मान वळवून बायकोकडं बघितलं. तिचे डोळे सताड उघडे होते, लालबुंद, धुळीनं पाणावलेले.

"आता?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मोकळा हाय. पार त्या वळणापत्तुर मोकळा." मामाची गाडी गेली ती हीच सडक, हेच वळण. "चला!"

त्यानं गाडी बाहेर काढली. सोजरबाई किंचाळायला लागली. गाड्या संपेपर्यंत ती एका दमात किंचाळत होती, बैल बुजले, गाडीवाले उठून बघायला लागले, पण तिची नजर वळणावरनं हलली नाही. घोरपड डावीकडं आपल्या बाजूला आली तेव्हा तिच्या घशातनं आवाज निघत नव्हता. भीती काही गेली नव्हती. सकाळी होती तेवढीच होती.

पाटस गेलं. दौंडची धुराडी दिसायला लागली. तेवढ्यात ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्या भंगारवाल्याचं दुकान कुठल्या अंगाला?"

"फाटकाच्या अलीकडं. उजव्या."

"उजव्या म्हंजी माझ्या अंगाला," सोजरबाई म्हणाली. "तुमाला दिसायचं न्हाई. आन् मी काय थांबा म्हणायची न्हाई."

चांगदेवनं वरचा गिअर टाकला. तिनं खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली आणि पुन्हा मान बाहेर काढली.